चार शेळ्यांचा संसार



गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तरी आठवीच्या वर्गातील एक विद्यार्थी आठ दिवस शाळेकडे फिरकला नाही. एरवी कधी न चुकणारा मुलगा. म्हणून आम्ही त्याच्या घरी चौकशीस गेलो. घर वडोदऱ्याबाहेर, एका लहानशा खेड्याच्या कडेला. अंगणातील कडुलिंबाखाली तीन रिकामी दावी पडलेली होती आणि शेजारी मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्या घरी पाच शेळ्या होत्या. त्यांपैकी तीन त्या एका आठवड्यात दगावल्या होत्या. त्यांच्या दुधाच्या पैशांतून त्याची वह्या-पुस्तके येत, घरचे विजेचे बिल भरले जाई. पहाटे उठून धार काढणे हे त्याचे काम. आता काढायला धारच उरली नव्हती.

त्याची आजी म्हणाली, “गुरुजी, जुन्या तिघी घरच्याच. कधी शिंकल्यासुद्धा नाहीत. बाजारातून दोन नव्या आणल्या, त्याच दिवशी त्यांच्यात बांधल्या, अन् दहा दिवसांत घर बसलं.”

आजींच्या या दोन वाक्यांत शेळीपालनाचा अर्धा धडा सामावलेला आहे. उरलेला अर्धा धडा आम्ही त्या घरी पुढे वर्षभर जाऊन-येऊन, पशुवैद्यांना विचारून आणि काही पुस्तके चाळून शिकलो. आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरी एखाददुसरी शेळी आहे, आणि काहींचे पालक नव्याने शेळ्या घेण्याच्या विचारात आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

शेळीच का?

शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते उगाच नव्हे. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे १४ कोटी ८९ लक्ष शेळ्या मोजल्या गेल्या. गाईम्हशीला लागणारे भांडवल, जागा व चारा ज्यांच्यापाशी नाही, अशा घरांचा आधार म्हणजे शेळी. तिचे दूधही काही हलके नव्हे. १९१८ साली महात्मा गांधी अतिशय आजारी पडले. त्यांनी दूध न घेण्याचे व्रत घेतलेले होते. त्या वेळी ‘ते व्रत गाईम्हशींच्या दुधाचे, शेळीच्या दुधाला काय हरकत?’ असे कस्तुरबांनी सुचविले आणि गांधीजींनी ते मानले. व्रताचे शब्द पाळले, पण त्याचा आत्मा पाळला नाही, ही रुखरुख त्यांना पुढे लागून राहिली आणि ती त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदविली आहे. त्या दुधाने त्यांना शक्ती आली, हेही तितकेच खरे.

परंतु शेळी काटक आहे म्हणून तिच्याकडे लक्ष देण्याची गरज नाही, असा जो समज आहे तो मात्र घातक होय. उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

किती व कोणत्या?

आरंभ दोन ते चार माद्यांनी करावा. एकच शेळी कधी पाळू नये. हा कळपाचा प्राणी आहे, एकटी शेळी ओरडून ओरडून झुरते. दहा-वीस एकदम घेण्याचा मोहही टाळावा. दोन शेळ्यांवर झालेली चूक सुधारता येते. वीस शेळ्यांवर झालेली चूक घर बुडविते.

जात निवडताना आपल्या हवेत रुळलेली निवडावी. आमच्या वडोदरा, भरूच, सुरत या पट्ट्यात सुरती शेळी प्रसिद्ध आहे. ती बहुधा पांढरी, मध्यम बांध्याची, भरदार कासेची असते. दूरवर भटकण्यापेक्षा दारी बांधून खाऊ घालण्यास ती अधिक सोयीची. चांगली सुरती शेळी दिवसाला दीड ते दोन लिटर दूध देते. उत्तरेकडील जमनापारी, पंजाबातील बीटल व लहान चणीची बारबरी याही दुधासाठी नावाजलेल्या आहेत. महाराष्ट्रातील उस्मानाबादी व संगमनेरी या तेथील कोरड्या हवेत उत्तम टिकतात. मात्र उस्मानाबादीचा लौकिक दुधापेक्षा मांसासाठी व जुळ्या करडांसाठी अधिक आहे. नाव मोठे म्हणून लांबची जात आणण्यापेक्षा, आसपासच्या गावांत जी शेळी निरोगी राहून भरपूर दूध देते, तिचीच पाट घेणे शहाणपणाचे.

विकत घेताना शेळीचे तोंड पाहावे. तिला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, वरच्या जबड्यात नसतात. हे पाहून नवखा माणूस दचकतो, पण ते स्वाभाविक आहे. साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास दोन मोठे दात येतात, पुढे वर्षागणिक दोन-दोन वाढून चौथ्या वर्षाच्या सुमारास आठ पुरे होतात. दोन ते चार मोठे दात असलेली, एकदा व्यालेली शेळी आरंभास उत्तम. तिचे डोळे तेजस्वी, नाक स्वच्छ, केस चमकदार, चाल सरळ असावी. लेंड्या सुट्ट्या व गोळीसारख्या असाव्यात. शेपटीखालचा भाग घाणीने माखलेला असेल तर ती शेळी घेऊ नये. कास मऊ, दोन्ही बाजूंनी सारखी असावी व धार काढल्यावर आकसावी. कासेत गाठ लागली, तर व्यवहार तेथेच थांबवावा. शक्य असल्यास सलग दोन वेळा आपल्यासमोर धार काढावयास लावून दूध मोजून घ्यावे. आणि बाजारापेक्षा घरची शेळी घ्यावी, म्हणजे तिची आई, तिचे दूध व तिला टोचलेल्या लसी यांची माहिती मिळते.

तीन आठवडे वेगळे

आता आमच्या विद्यार्थ्याच्या घरच्या दुर्दैवाकडे वळू. त्या शेळ्यांना झालेला रोग पी. पी. आर. या नावाने ओळखला जातो. खेड्यांत त्याला शेळ्यांची बुळकांडी म्हणतात. गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा हा भाऊबंद. गुरांची बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. शेळ्यांची मात्र अजून आहे. भारतात तिची पहिली नोंद १९८७ सालची. प्रथम कडक ताप येतो, मग डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते, तोंडात फोड येतात, पातळ हगवण लागते, श्वास लागतो, आणि पुष्कळ शेळ्या आठवड्याभरात मरतात. विषाणूवर थेट औषध नाही; पशुवैद्य जे औषध देतात ते पाठोपाठ येणाऱ्या इतर जंतूंना आवरण्यासाठी व अशक्तपणा सावरण्यासाठी. पण यावर उत्तम लस आहे, आणि एकदा टोचल्यावर निदान तीन वर्षे तिचे संरक्षण मिळते. त्या घरातील एकाही शेळीला ती टोचलेली नव्हती.

रोग अंगात शिरल्यावर लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. म्हणून बाजारात ठणठणीत दिसलेली शेळी घरी आल्यावर आजारी पडते व तोवर इतरांना रोग देऊन मोकळी होते. यास्तव नियम असा, की नवी शेळी निदान तीन आठवडे जुन्या शेळ्यांपासून दूर, वेगळ्या जागी बांधावी. तिची पाण्याची बादली व चाऱ्याचे टोपले वेगळे असावे. आधी जुन्यांचे काम करावे, मग नवीचे, आणि नंतर हातपाय साबणाने धुवावेत. याला एक पैचाही खर्च नाही. लागतो तो केवळ धीर.

निवारा

शेळीला थंडीपेक्षा ओल बाधते. प्रत्येक मोठ्या शेळीस आत दहा ते बारा चौरस फूट जागा आणि बाहेर फिरण्यास त्याच्या दुप्पट मोकळे अंगण असावे. जमीन उंचावर व उताराची असावी. आमच्या भागात याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको; ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले, ते कोणी विसरलेले नाही. बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांचा दीड-दोन फूट उंच माचा केला, आणि पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली, तर लेंड्या व मूत्र खाली पडून शेळी कोरडी राहते. गाभण शेळ्या व करडे यांच्या माच्यावर मात्र फट अगदी अरुंद हवी, नाहीतर कोवळे पाय अडकतात. वारा खेळता असावा, पण झोत थेट अंगावर येऊ नये. खाली जमणारे लेंडीखत परसातील भाजीला अमृतासमान. तेही उत्पन्नच होय.

शहरात राहणाऱ्यांनी जनावरे ठेवण्याविषयी आपल्या नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे नियम आधी विचारून घ्यावेत.

खाद्य

शेळी सर्व काही खाते, असे म्हणतात; खरे म्हणजे ती सर्व काही हुंगून पाहते आणि त्यांतले निवडून खाते. मान उंच करून पाला ओरबाडणे तिला आवडते. म्हणून चारा जमिनीवर टाकू नये. जुडी बांधून टांगावा किंवा गव्हाणीत घालावा. तुडविलेला चारा ती तोंडातही धरत नाही.

सुमारे तीस किलो वजनाच्या दुभत्या शेळीस दिवसाला साधारणतः तीन किलो हिरवा पाला व चारा, अर्धा किलोपर्यंत वाळला चारा आणि थोडा खुराक लागतो. शेवरी, हदगा, बाभूळ, बोर, वड, पिंपळ, उंबर यांचा पाला आणि लसूणघास हे तिचे उत्तम अन्न. सुबाभळीचा पाला पौष्टिक खरा, पण त्यात एक विषारी द्रव्य असते; म्हणून एकूण हिरव्या चाऱ्यात तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसावा. दवाने भिजलेला कोवळा लसूणघास उपाशी पोटी दिल्यास पोट फुगते; आधी थोडा कडबा किंवा गवत खाऊ घालावे.

खुराक घरीच करता येतो. शंभर किलोला मका किंवा बाजरीचा भरडा ४० किलो, शेंगदाण्याची पेंड २५ किलो, गव्हाचा कोंडा व डाळीची चुनी मिळून ३२ किलो, क्षारमिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो, हे प्रमाण चांगले. पोटापुरता अडीचशे ग्रॅम आणि दर लिटर दुधामागे आणखी तीनशे ते चारशे ग्रॅम खुराक द्यावा, तोही दोन वेळांत विभागून. बुरशी आलेली पेंड कधीही घालू नये. बुरशीचे विष शेळीच्या यकृताला बाधते आणि दुधातही उतरते.

येथे एक धोक्याची सूचना. शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवून पचवितात, व त्यासाठीच ती रवंथ करते. एकाएकी पुष्कळ धान्य पोटात गेले, तर तेथे आम्ल वाढते, ते जीव मरतात आणि शेळीही मरते. धान्याच्या कोठीचे दार उघडे राहिल्याने कित्येक चांगल्या शेळ्या गेल्या आहेत. खाद्यातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. स्वच्छ पाणी मात्र हवे तेव्हा हवे तेवढे मिळावे; दुभती शेळी पाण्यावाचून दूध देऊ शकत नाही.

लसी, जंत आणि खुरे

पी. पी. आर.ची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर टोचावी. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी आणि लाळ-खुरकूताची वर्षातून दोनदा; घटसर्प व देवी यांच्या लसी आपल्या भागातील पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे. प्रत्येक लसीची तारीख वहीत लिहावी. हे काम मुलांनी आनंदाने अंगावर घ्यावे. घरात अक्षर चांगले असते ते तुमचेच!

जंत हा शेळीचा गुप्त शत्रू. पावसाळ्यात ओल्या, आखूड गवतावर जंतांची पिले चढतात व चरताना पोटात जातात. त्यांतील एक जात जठरात राहून रक्त पिते. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा. लालबुंद किंवा गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर शेळीचे रक्त आटले आहे असे समजावे आणि लेंड्या तपासून घेऊन पशुवैद्यांच्या सांगण्यावरून, वजनाप्रमाणे औषध द्यावे. वरचेवर व अपुरे औषध दिल्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. सकाळी दव वाळल्यावर चरावयास सोडावे.

खुरे नखांप्रमाणे वाढतात. दीड-दोन महिन्यांनी ती कापावी, नाहीतर शेळी लंगडते.

गाभणपण आणि करडे

पाट दहा-बारा महिन्यांची व अंगाने चांगली भरल्याशिवाय फळवू नये. माज साधारण अठरा ते एकवीस दिवसांनी येतो आणि एक-दोन दिवस टिकतो. शेळी ओरडते, शेपटी हलविते, खाणे कमी करते. तीन-चार शेळ्यांसाठी घरी बोकड पाळण्याची गरज नाही. शिवाय त्याचा उग्र वास दुधाला लागतो. ज्याची आई भरपूर दूध देणारी होती असा, आणि आपल्या शेळ्यांच्या नात्यातला नसलेला बोकड पाहून शेळी त्याच्याकडे न्यावी.

गर्भकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. मे-जूनमध्ये फळलेली शेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात विते. तेव्हा पाऊस ओसरलेला व चारा मुबलक असतो. विण्याच्या दीड-दोन महिने आधी धार बंद करावी. पोटातील करडांची बहुतेक वाढ याच काळात होते.

करडू जन्मताच नाकातोंडातील चिकटा पुसावा, नाळेच्या टोकास टिंक्चर आयोडीन लावावे आणि तासाभराच्या आत चीक पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे दोन किलोच्या करडास सुमारे दोनशे मिलिलिटर चीक, थोडा थोडा करून पोटात गेला पाहिजे. रोगांशी झुंजण्याचे बळ करडाला आईच्या पोटात मिळत नाही, ते या चिकातून मिळते. आणि एक दिवस उलटला की ते शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची शक्ती संपते. चीक अशुभ मानून फेकून देणे म्हणजे करडाचे आयुष्यच फेकून देणे होय. दोन-तीन आठवड्यांनी कोवळा पाला समोर ठेवावा. दूध अडीच-तीन महिने पाजावे.

शेळी गाभडली, तर तो गर्भ किंवा वार उघड्या हातांनी उचलू नये. खोल पुरून चुना टाकावा व पशुवैद्यांना कळवावे. असे काही रोग माणसालाही होतात.

धार आणि दूध

धारेपूर्वी हात साबणाने व कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसावी. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून पाहाव्यात. गुठळ्या किंवा रक्त दिसले, तर कासेचा दाह समजून ते दूध वापरू नये. मुठीने दाबून धार काढावी, सड ओढू नयेत. वेळ रोजची एकच ठेवावी.

दूध उकळूनच प्यावे. कच्च्या दुधातून माणसास दीर्घकाळ छळणारा ताप येऊ शकतो. शेळीच्या दुधातील स्निग्धकण बारीक असल्याने त्यावर साय कमी धरते, आणि कित्येकांना ते पचावयास हलके वाटते. तथापि त्यात फोलिक आम्ल अत्यंत कमी असते. म्हणून वर्षाच्या आतील बाळाला आईच्या दुधाऐवजी ते देऊ नये. अलीकडे डेंग्यूत शेळीच्या दुधाने रक्तातील कणिका वाढतात असे ऐकू येते. त्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. दूध हे अन्न आहे, औषध नव्हे.

हिशेब

दोन शेळ्या सरासरी एकेक लिटर दूध देऊन दीडशे दिवस दुभत्या राहिल्या, तर तीनशे लिटर दूध होते. त्यांतून करडांचा वाटा वजा केला की घराला व विक्रीला दीडशे ते दोनशे लिटर उरते. करडांचा वाटा चोरणारा पुढच्या वर्षीची शेळी चोरतो, हे लक्षात ठेवावे. दोघी एकाच वेळी विण्याऐवजी चार-पाच महिन्यांच्या अंतराने व्याल्या, तर वर्षातील बहुतेक महिने दूध मिळते. खुराक, औषध, दूध, करडे यांची नोंद रोज केल्यावाचून नफा झाला की तोटा, हे कळत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी दोन शेळ्या वाचल्या होत्या. वडिलांनी लगेच नव्या आणावयाचे ठरविले. पण आजींनी या वेळी ऐकले नाही. गोठा धुऊन, चुना मारून त्यांनी दोन महिने वाट पाहिली. मग शेजारच्या गावातून, लसीची नोंद पाहून, एकच शेळी आणली, आणि ती तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला बांधली. नातवाने एक वही घातली. परवा आम्ही गेलो, तेव्हा अंगणात चार शेळ्या व तीन करडे होती. मुलाने अभिमानाने वही पुढे केली. पहिल्या पानावर दगावलेल्या तीन शेळ्यांची नावे व तारखा होत्या. दुसऱ्या पानापासून लसींच्या तारखा सुरू होत होत्या.

आजींनी शेळीच्या दुधाचा चहा आमच्या हातात दिला व म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या पुस्तकात एवढं लिहा, नव्या शेळीला पाहुणी म्हणावं, घरची म्हणू नये. तीन आठवडे.”

तेवढे लिहिण्यासाठीच हा लेख लिहिला. आपल्यापैकी ज्यांच्या दारी शेळी येणार असेल, त्यांनी तो घरी वाचून दाखवावा.